शेवटच्या बाकापर्यंत

आज घरी दरवाजाला पॉलिश चालू आहे. त्या वासाने मी थेट वेल्समधल्या एका जुन्या चॅपेलमध्ये, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघरात, जाऊन पोचलो.

तेव्हा मी बोटीवर खलाशी होतो. बोट तिथल्या बंदरात लागली होती आणि इकडे रत्नागिरीत बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बंदरावरून फोन लावला, तर अम्मी म्हणाली, "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत." हे सांगायला जवळ कोणी नव्हतं. तसाच चालत सुटलो, तर रस्त्यात एका चॅपेलचं दार उघडं दिसलं. आत एक म्हातारी फडक्याने बाकांना पॉलिश करत होती.

बाहेरून गोदामासारखी साधी असलेली ती इमारत आतून लाकडाने झळकत होती. तिन्ही बाजूंनी लोखंडी खांबांवर वळत गेलेला सज्जा, आणि सगळी बाकं समोरच्या उंच व्यासपीठाकडे तोंड केलेली. कुठे मूर्ती नाही, चित्र नाही. मला आमच्या मोहल्ल्यातली मशीद आठवली आणि परकेपणा गेला.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला बातमी सांगितली. तिने फडकं खाली ठेवलं आणि व्यासपीठाकडे बोट दाखवलं. "तिथून सांग. सगळ्यांना ऐकू जावं अशीच बांधलीय ही जागा."

बाकं तर रिकामी होती. तरी मी पायऱ्या चढलो आणि हळूच, आपल्या भाषेत म्हणालो, "मला मुलगी झाली."

पार मागून, सज्ज्याखालून तिने हात वर केला, ऐकू आल्याची खूण म्हणून.

तेव्हा मी लाजलो होतो. आता वाटतं, बाप झाल्याचं मी आपल्या भाषेत पहिल्यांदा बोललो, ते ऐकायला कुणीतरी मुद्दाम शेवटच्या बाकापर्यंत चालत गेलं होतं.