साडेअकरा शेराचं चित्र

कुठलीही वस्तू हातात आली की चाचा ती आधी तळव्यावर दोनदा किंचित उडवून बघत. मग ते बाजारातलं वांगं असो की टपालातलं पाकीट. शेजारच्या बाईनं एकदा कौतुकानं नातू त्यांच्या हातात दिला. त्याला त्यांनी उडवलं नाही, नुसतं तोलून धरलं आणि म्हणाले, "वजन चांगलं हाय. पर कपडं काढून बघितलं पायजे."

चाचा आमच्या शिरूरच्या चित्रसंग्रहालयाचे पहारेकरी होते. त्याआधीची तीस वर्षं त्यांनी दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात काढली होती. तिथं ते एक गोष्ट शिकून आले होते. पेटीवर जे लिहिलेलं असतं ते पाठवणाऱ्याचं म्हणणं. पेटीत काय आहे ते काटा सांगतो. दारूबंदीच्या दिवसांत 'आंबे' असं लिहिलेल्या कितीतरी करंड्या त्यांनी नुसत्या वजनावरून अडवल्या होत्या. निवृत्त होताना लोक घड्याळ मागतात, चाचांनी मोडीत निघालेला एक काटा मागून घेतला. हुकाला वस्तू अडकवायची आणि काटा कुठं थांबतो ते वाचायचं. सरकारनं किलो आणले तरी चाचांचा काटा शेरातच बोले.

संग्रहालय म्हणजे नदीकाठचा एक दगडी बंगला. गेल्या शतकातल्या एका हौशी इनामदारानं तो बांधला आणि चित्रांनी भरला. त्रेचाळीस तैलचित्रं आणि प्लॅस्टरची एक ग्रीक बाई, एवढी आमची दौलत. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि संध्याकाळी तिथलं दफ्तर सांभाळत असे. संग्रहालयाचे अध्यक्ष आप्पा. हायस्कुलाचे अध्यक्षही आप्पाच. तालुक्यात अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसली की आप्पांना ती बघवत नसे.

चाचांचा संशय सगळ्यांवर सारखाच होता. त्यात जातपात, लहानमोठं काही नव्हतं. दारात आलेल्याला ते विचारत, "काय बघायचंय?"

"चित्रं."

"कंचं?"

"सगळीच."

"सगळी बघणारा एकबी बघत न्हाई," असं म्हणून चाचा त्याच्या मागोमाग आत जात.

आमचं वर्ष चित्रांच्या हिशेबानं चाले. चैत्रात पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येई, तेव्हा तिथली चित्रं उतरायची. शिमग्याला पाच दिवस दार बंद. दसऱ्यानंतरच्या उन्हात सगळी चित्रं व्हरांड्यात आणून पाठीवरून पुसायची. संक्रांतीला आप्पांच्या मातोश्री संग्रहालयात हळदीकुंकू करत. त्या दिवशी ग्रीक बाईला लुगडं नेसवावं असा ठरावच होता, मीच तो इतिवृत्तात लिहिला होता. लुगडं आप्पांच्या घरून येई. चाचा ते येताना वजन करून घेत आणि जाताना वजन करून देत. बायका तिळगूळ खाऊन आत शिरू लागल्या की ते दोरी आडवी धरून म्हणत, "ताई, हात दावा. चिकट हात भाईर." मामलेदारीणबाईंनाही त्यांनी हात दाखवायला लावले होते. दोन दिवस आप्पांच्या तोंडाला चव नव्हती.

आता मुख्य गोष्ट. आमच्या त्रेचाळीस चित्रांपैकी जाणकारानं थांबावं असं एकच होतं. घोड नदीचा उतार, पाण्यात थबकलेली बैलगाडी, आणि गाडीत पाठमोरी बसलेली एक बाई. चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण पाण्याचा रंग बघून तहान लागे. एका भाद्रपदात ते मुंबईच्या प्रदर्शनासाठी मागवलं गेलं. पाऊस लागलेला होता. चाचांनी चित्र काट्याला टांगलं, साडेअकरा शेर भरलं. मग पेटी केली, दौंडपर्यंत स्वतः एस.टी.नं घेऊन गेले आणि आपल्या जुन्या ऑफिसात चढवून आले.

चित्र मार्गशीर्षात परत आलं. दौंडला ते मंगळवारी उतरलं, असं तिथल्या ओळखीच्या माणसांनी चाचांना कळवलं होतं. शिरूरला आलं शुक्रवारी, आप्पांच्या जीपमधून. मधले तीन दिवस ते पाटसला आप्पांच्या शेतावर मुक्कामाला होतं. का, ते कुणी विचारलं नाही. पाहुण्यांना आणि चित्रांना आप्पा मुक्काम केल्याशिवाय सोडत नाहीत, असं आपलं आम्ही समजून घेतलं.

शुक्रवारी बँड, लेझीम, कमान, सगळं होतं. नदीचं चित्र नदीवरून मिरवत आणलं. दारात आप्पांनी पावती पुढं केली. "चाचा, सही करा. मामलेदारसाहेब खोळंबलेत."

"वजन करतो आन् करतो."

"मिरवणूक काय काट्याला लटकवायची का?"

लोक हसले. चाचांनी 'माल जसाच्या तसा मिळाला' या ओळीखाली सही केली. माल न तपासता केलेली ती त्यांची आयुष्यातली पहिली सही.

भाषणं सुरू झाली. आप्पा कलेचं मोल या विषयावर बोलत असताना चाचा आतून बाहेर आले आणि व्यासपीठासमोर उभे राहिले.

"आप्पा, पाऊण शेर कमी भरतंय."

"काय कमी भरतंय?"

"चित्र. हे ते न्हाई."

लाऊडस्पीकर नुसता खरखरत राहिला. मग आप्पा हसले. "चाचा, चित्र काय शेराच्या भावानं घेतात?" आणि सगळा मांडव हसला. मीही हसलो. हे सांगून टाकलेलं बरं.

चाचा हसणं संपेपर्यंत थांबले. "मंग माझी सही परत द्या," म्हणाले.

सही काही कुणी परत देत नाही. समितीनं ठराव केला, की पहारेकऱ्यानं लेखी माफी मागावी. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

त्या आठवड्यात मी चाचांना विचारलं, "पावसाळ्यात तुमच्या घराचं दार फुगतं का?"

"फुगतं की. खांदा लावावा लागतो."

"लाकूड पाणी पितं. चित्र गेलं भरपावसात, आलं थंडीत. चौकट वाळली असेल, मागची फळी वाळली असेल."

चाचांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "म्हंजी भाद्रपदाची वाट बघायची. तवा साडेअकरा भरलं, तर मी खोटा."

"आणि न भरलं तर?"

"तर माझी सही खोटी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसानं आप्पांवर आळ घेतला आहे आणि तो खोटा ठरावा म्हणून तोच अल्लाची करुणा भाकतो आहे. असा फिर्यादी मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

माफी गणपतीपर्यंत लांबवावी, असं मी आप्पांना सुचवलं. ते चटकन 'हो' म्हणाले. इतक्या चटकन, की घरी जाताना मला त्या होकाराचाच संशय आला.

मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही चित्रांचं वजन करू लागलो. एकट्या नदीचं करून भागणार नव्हतं. बाकीची किती वाळतात, किती फुगतात, तेही कळायला हवं. व्हरांड्याच्या तुळईला काटा टांगायचा, चाचांनी चित्र अडकवायचं, मी आकडा लिहायचा. वैशाखापर्यंत सगळीच उतरली. नदी साडेदहावर आली. आषाढात ती चढू लागली. इनामदारांचं भलंमोठं चित्र तर सव्वा शेरानं वाढलं. "मेल्यावरबी खात्यात," चाचा म्हणाले. त्या महिन्यात ते जरा खुशीत होते. लाकूड पाणी पितं, हे सिद्ध होत होतं.

पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उन्हाळ्यात ते आकडा वाचून मला सांगत. आषाढात मी वाचून त्यांना सांगू लागलो. दारात कोण आलं आहे, तेही त्यांना चपलांच्या आवाजावरून कळे. "मास्तर, नदी किती चढली?" असं ते विचारत, तेव्हा वाटे, पुराची चौकशी चालली आहे.

श्रावणात नदी पावणेअकरा होती. बाकीची चित्रं फुगून बसली होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी, गेल्या वर्षी चित्र रवाना झालं त्याच सुमारास, आम्ही ते पुन्हा काट्याला लावलं. बाहेर तशीच झड होती. चाचांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती. काटा हलायचा थांबावा म्हणून त्यांनी ती हळूहळू सोडली आणि मागं सरकले.

काटा अकराच्याही अलीकडे थांबला.

"किती?"

याचा अर्थ चित्र बदललं गेलं होतं, असंच काही नाही. मुंबईत कुणी पाठीची फळी बदलली असेल, कुजकी पट्टी काढून टाकली असेल. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला समोरचा म्हातारा दिसत होता. तीस वर्षांच्या सह्या एका बाजूला आणि ही एक दुसऱ्या बाजूला, असा तो उभा होता.

"साडेअकरा," मी म्हणालो.

"नीट बघा. उजेडाकडं करून बघा."

मी काटा उजेडाकडं वळवला. उजेडानं तो काही वर चढला नाही.

"साडेअकरा."

चाचा पायरीवर टेकले. "तुमी म्हंता म्हंजी हाय," ते म्हणाले. ज्यानं मामलेदारीणबाईंचे हात तपासले, त्यानं मला पुन्हा विचारलं नाही.

मी ते दयेपोटी केलं, असं म्हणायला मला आवडेल. पण माझी नोकरी आप्पांच्या हायस्कुलात होती, दोन मुलं शिकत होती, आणि 'कमी भरतंय' हा शब्द उद्या मलाच आप्पांसमोर उच्चारावा लागला असता. दया किती आणि भीती किती, हे मोजायला माझ्याकडे काटा नाही.

गणपतीच्या मांडवात चाचांनी माफी मागितली. लेखी नाही, उभं राहून. "माल बरोबर हाय. चूक माझी," एवढंच. माझी नजर चाचांवर नव्हती, आप्पांवर होती. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते जिंकलेल्या माणसाचं समाधान नव्हतं. बुडता बुडता पायाला तळ लागलेल्या माणसाचा चेहरा मी आमच्या नदीवर पाहिलेला आहे. मग आप्पा सावरले, चाचांना मिठी मारली, फोटो काढवला, शाल आणि नारळ दिला. चाचांनी नारळ हातात घेऊन म्हटलं, "आप्पा, आत पाणी न्हाई." मांडव पुन्हा हसला.

पंधरा दिवसांनी त्यांनी काम सोडलं. न दिसणाऱ्या पहारेकऱ्याचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. ते दौंडला मुलीकडे गेले आणि दोन उन्हाळ्यांनंतर तिथंच वारले. नदीचं चित्र अजून त्या भिंतीवर आहे. लोक त्यापुढं थांबतात, वा म्हणतात. मीही थांबतो. पाण्याचा रंग मला कधी तोच वाटतो, कधी वाटत नाही. त्यानंतर त्याचं वजन कुणी केलेलं नाही.

जायच्या दिवशी दौंडच्या एस.टी.ला अवकाश होता, म्हणून चाचा दफ्तरात आले.

"मास्तर, ती पावती काढा की."

मी फाइल काढून टेबलावर ठेवली. त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "हितं का?"

"जरा खाली." मी त्यांचं बोट धरून सहीवर नेलं.

ते बोट सहीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत सावकाश फिरलं. शाई काही बोटाला लागत नाही, तरी त्यांना ती सापडली असावी.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ते म्हणाले.

मी फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. रोज ते कुलूप एकदा ओढून बघितल्याशिवाय चाचा घरी जात नसत. त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही. पिशवी उचलली, मला सलाम केला, आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरून गेले.