उत्तर न आलेली नावे

२ डिसेंबर १९७५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. रिसोडजवळच्या शाळेत मी हजेरीच्या पाहणीला आले होते. गुरुजी एकेक नाव पुकारत, क्षणभर दाराकडे पाहत आणि उत्तर आले नाही तरी ‘हजर’ मांडत होते. चौथीच्या पटावर एकेचाळीस नावे होती. वर्गात बसलेल्या मुलांच्या बापांच्या वावरांत उरलेली मुले कापूस वेचत होती.

“गुरुजी, ही नोंद खोटी आहे,” मी म्हणाले.

“खोटीच हाय, बाई. महिनाभर गैरहजर मांडलं तं नाव कटते. नाव कटल्यावर परत आलेली पोरगी म्या तं पाह्यली नाही. तुमी काय लिवून राह्यल्या?”

माझी पाहणी जिल्ह्याच्या कचेरीत जाणार होती, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी पट झाकला नाही. मी डोकी मोजली आणि लिहिले : प्रत्यक्ष हजर, चौदा.