जाळीचा खिळा

अंबादास चालू माग सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. "शेट, मिस्त्री गेले," एवढंच म्हणाला. नरसय्या मिस्त्री तीन दिवस इस्पितळात होते. डोक्याला मागातून उडालेला सुताचा लाकडी धोटा लागला होता... माझ्याच कारखान्यातला. महिना उलटला. अजून मी गेलो की गल्लीतलं बोलणं थांबतं.

मागाला काही नवीन जोडून हवं असलं की सगळे साखर पेठेत त्यांच्याकडे जात. एकटा माणूस, सगळ्यांचं एकदम कसं होणार? भिंतीवर त्यांनी खिळे ठोकले होते, एकेका मागणीचा एक. ज्याला ती गोष्ट हवी, त्याने आपल्या मागावरचं सूत त्या खिळ्याला बांधायचं. मालक असो की मागवाला, माणशी एकच. ज्याचा झुबका जाड, ते काम आधी.

मी वैरागहून दुष्काळात आलो, खडी फोडली, दुसऱ्याची गाठोडी वाहिली आणि आठ माग उभे केले. रांगेत थांबून मला कधी काही मिळालेलं नाही. चादरीच्या किनारीत तिसरा रंग भरणारी पेटी मला शेजारच्या कारखान्याआधी हवी होती. माझ्या खिळ्यावर सुतं तीन. सगळ्यात जाड झुबका जाळीचा; उडालेला धोटा अडवणारी तारेची जाळी. तिथलं पहिलं सूत अंबादासचं, माझ्याच माणसाचं!

"मिस्त्री, चार दिवसांत पेटी द्या. अख्खी गल्ली तुमच्याकडं वळवतो."

"थांबा की शेट. खिळा बघा."

"खिळा काय बघायचा? मी काय हितं भाजी निवडत बसू?"

"बसा की. मेथी आणलीय आजच," ते हसले. मी आवाज चढवला. त्यांनी बाहेरच्या मागांकडे कान दिला. "ठोका ऐका शेट. कुणाचा तरी चुकतोय. ठोका चुकला की धोटा उडतोय."

मला फक्त नकार ऐकू आला होता. पुढच्या आठवड्यात मी दहा-बारा कारखान्यांतली रंगीबेरंगी सुतं गोळा केली आणि मिस्त्री जेवायला आत गेले असताना माझ्या खिळ्याला बांधली. परत येऊन त्यांनी झुबका बोटांनी चाचपला, माझ्याकडे पाहिलं... "करतो," म्हणाले.

माझ्या मागावर पेटी बसवून तो सुरू केला, तेव्हा ते कडेला वाकून बघत होते. मी दारात होतो. त्या दिवशी चुकलेला ठोका मलाही ऐकू आला.

दिवसकार्य झाल्यावर मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, राजम्मावहिनींनी, वर्कशॉप उघडून दिलं. टेबलावर जाळीची तार अर्धी वाकवलेली. काम झालं की झुबका कापून टाकायची त्यांची रीत, पण माझा तसाच होता.

"वैनी, हे का ठेवलंय?"

"मला दाखवायला. लई हसले. मागवाल्याची गाठ बारीक, मागाच्या फणीतनं जाती. ही बैल बांधायची गाठ हाय म्हणाले. वैरागच्या शेटनी एकट्यानं बांधल्यात सगळ्या."

"मग माझं काम का केलं?"

"शेट लई घायकुतीला आलाय, त्याचं एकदाचं करून टाकतो, म्हणाले. मग जाळी निवांत करतो."

मिस्त्रींवर माझा राग आहे, आणि तो जात नाही. त्यांनी ओळखलं होतं. चारचौघांत माझी गचांडी धरायला हवी होती. मी भांडलो असतो, हरलो असतो, थांबलो असतो... त्यांनी मला हसण्यावारी नेलं.

काल अंबादासकडून मागवाल्याची गाठ शिकून घेतली. बोटं जाड, पाच वेळा सुटली. मग वहिनींना वर्कशॉप उघडायला लावून जाळीच्या खिळ्याला माझं एक सूत बांधलं. चाचपायला आता तिथे कोणी नाही. बाहेर गल्लीतले माग चालू होते, एकावरही जाळी नाही. मी दारात उभा राहून ठोके ऐकत होतो. कुणाचा तरी चुकत होता.