मे महिन्यात घर पाहणारा गजानन

फोनवर 'गजानन मोटर' असं नाव आलं तेव्हा मी काट्यावर होतो आणि समोर कापसाची गाडी उभी होती. यवतमाळजवळच्या एका जिनिंगमध्ये गेली सव्वीस वर्षं मी वजनकाटा सांभाळतो. गाडी काट्यावर असताना फोन घेत नाही. पावती देऊन झाल्यावर उलट फोन लावला आणि सवयीनं म्हणालो, "बोला गजूभाऊ, आज कोनाची मोटर अडकली?" पलीकडं त्याची बायको, मंदावहिनी होत्या. "भाऊ, ते गेले," एवढंच म्हणाल्या. पहाटे छातीत दुखलं, ऑटोत बसवेपर्यंत संपलं होतं... याला आता सात आठवडे झाले. नंबर अजून त्याच नावानं ठेवला आहे.

गजानन बोअरमधल्या मोटरी काढायचा. मोटर वर ओढायची चेनकप्पी, नटबोल्टचे चार पाने, दोरखंड आणि एक मदतनीस, एवढं त्याचं दुकान, तेही मोटारसायकलला बांधलेलं. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे घर तिथं बोअर, आणि बोअर तिथं कधी ना कधी गजानन. कोणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी आहे, कोणाचं पाणी होळीनंतर उतरतं, कोणाची मोटर नुसता गाळ ओढते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. म्हणून घर घेणारा माणूस आधी गजाननला विचारायचा, मग बायकोला. मीही माझा प्लॉट त्याला विचारूनच घेतला होता, अठरा वर्षांपूर्वी, एक लाख दहा हजाराला. त्याचा नियम एकच होता. घर पाहायचं तर मे महिन्यात पाहायचं, भर दुपारी, दोन तास मोटर चालवून. "दिवाईत तं कोनतंबी घर चांगलंच दिसते," तो म्हणायचा. "रंग मारला, पानी चढलं, झालं. पोरगी पाहाले जाता का घर?"

प्रॉपर्टीचं काम करणारा शेखर त्याच्यावर कायम वैतागलेला असे. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "गजूभाऊ, तुमी बोअरमंधी डोकावता अन् आमचं कमिशन आत पडते." गजानन पाना पुसत म्हणाला, "मंग काढून देऊ काय? मजुरी लागन." शेखरलाही हसू आवरलं नाही. पण त्यात खोटं काही नव्हतं. गजानननं 'पानी नाई' म्हटलं की त्या घराची किंमत दोन लाखांनी खाली यायची आणि 'बारमाही हाय' म्हटलं की वर जायची. सबंध लेआउटमधल्या घरांचे भाव ज्याच्या तोंडावर हलत होते तो माणूस स्वतः पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होता.

घर घ्यायचं त्याच्या मनात फार होतं. बँकेचं कर्ज मिळत नव्हतं, कारण पगारपत्रक नाही. म्हणून तो पोस्टात पैसे टाकायचा. अडचण अशी की घर पाहायचं मे महिन्यात, आणि त्याची कमाई त्याच उन्हाळ्यातली. लोक मोटर काढून घेतात त्या दिवशी अर्धे पैसे देतात, उरलेले पाऊस पडून गेल्यावर. म्हणजे त्याच्या हातात रक्कम यायची पोळ्याच्या सुमारास. मेमध्ये पसंत केलेलं घर पोळ्याला एकतर विकलेलं असायचं किंवा लाख-दीड लाखानं चढलेलं असायचं. मी त्याला दोनदा सांगितलं, एखादं घर हिवाळ्यात पाहा, पैसे हातात असताना ठरवून टाक. तो म्हणाला, "अन् पानी नसलं तं? लोकाइले शायना करतो अन् मीच फसलो, तं कोन मले बोअरजवळ उभं करन?"

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायलाच हवी. तिच्याशिवाय त्याच्यावर लिहिण्यात अर्थ नाही. मागच्या गल्लीत माझ्या काकांचं दोन खोल्यांचं घर होतं. काकांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्यामागं घर माझ्या नावावर झालं. त्याचं बोअर गजाननच्याच देखरेखीखालचं, पाणी त्याला ठाऊक असलेलं, म्हणून त्याला मे महिन्याची वाट पाहायची गरज नव्हती. चौदा लाख ठरले. अकरा त्याच्याजवळ होते, तीन तो पोळ्यापर्यंत उभे करणार होता. इसार मी घेतला नाही. मित्राकडून कसला इसार घ्यायचा, असं तेव्हा मला वाटलं. मंदावहिनी दोनदा येऊन घर पाहून गेल्या आणि ओट्याची उंची त्यांना जास्त वाटली, एवढंच म्हणाल्या.

जूनमध्ये शेखर एक शिक्षक जोडपं घेऊन माझ्याकडं आला. दिग्रसहून बदलून आलेले, दोघांचे पगार, कर्ज मंजूर. घर बोलून झालंय असं मी सांगितलं. ते म्हणाले, नुसतं पाहू द्या. घर त्यांना आवडलं, पण पाण्याची धास्ती होती. शेखर म्हणाला, "गजूभाऊलेच इचारा ना, तो काय खोटं बोलते?" गजानन शेजारच्या गल्लीत काम करत होता. तो आला, हात काळे. त्या बाईंनी विचारलं, "दादा, उन्हाळ्यात पाणी राहतं का?" तो माझ्याकडं पाहून मग खाली पाहू लागला. "राह्यते," तो म्हणाला. "बारा महिने. या गल्लीत असं बोअर दुसरं नाई."

संध्याकाळी शेखरचा फोन आला. एकोणीस लाख. मी कागद घेऊन बसलो. मुलाची पुण्याची फी, वसतिगृह, माझ्या हिचं गुडघ्याचं ऑपरेशन. पाच लाख म्हणजे माझ्या पगाराचा जवळजवळ दीड वर्षाचा हिशेब. ही म्हणाली, "गजूभाऊंना काय सांगाल?" मी म्हणालो, इसार घेतलेला नाही. मी घर एकोणीसला दिलं. माझ्या काट्यावर सव्वीस वर्षांत कोणाचा किलोभर कापूस इकडचा तिकडं झाला नाही. पण खरं तेच लिहायचं, म्हणून हेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडं गेलो. बाहेर काढलेले पाईप भिंतीला लावून तो सावलीत पाणी पीत बसला होता. मी सांगितलं. "कितीले?" त्यानं विचारलं. मी आकडा सांगितला. त्यानं मान हलवली. "मंग द्याच लागत होतं. म्याबी देल्लं असतं." मला राहवलं नाही. म्हणालो, "गजू, तू नुसतं 'मे मंधी जरा उतरते' म्हटलं असतं, तं ते लोक गेले असते." त्यानं हातातलं पाणी संपवलं आणि म्हणाला, "माह्या तोंडावरच माह्यं घर चालते, वसंतभाऊ. ते एकडाव खराब झालं का चेनकप्पी इकून टाकाव लागन." आणि उठता उठता, "तुमच्या मोटरचा आवाज बराबर येऊन नाई राह्यला. सकाळी येतो." तो सकाळी आला. मजुरी नेहमीएवढीच घेतली, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. त्यानं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर भाव पळतच सुटले. गजाननचे अकरा लाख पोस्टात वाढून चौदा झाले तोवर तेच घर सव्वीसवर गेलं होतं. आज बत्तीस म्हणतात. तो शहराच्या कडेला प्लॉट पाहू लागला, मग कडेच्याही पलीकडं. "माह्यं घर दरसाली दोन किलोमीटर मांगं सरकते," तो हसून सांगायचा. "असंच चाललं तं कळंबले, चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्याइवरच भेटन." आमच्या गल्लीतली माणसं मात्र खुशीत होती. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून आपापल्या घराची नवी किंमत एकमेकांना ऐकवायची. माझ्या घराची किंमत मीही काढून पाहिली आहे. घेतली त्याच्या कितीतरी पट झाली. पण खोल्या तेवढ्याच आहेत, घरपट्टी वाढली आहे, आणि माझा मुलगा पुण्यात नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी तिथं भाड्यानं राहतो. मी हे घर विकलं तरी तिथं त्याला दोन खोल्या येणार नाहीत. मग माझं नेमकं काय वाढलं, हे मला कागदावर मांडता आलेलं नाही.

तेरवी झाली आणि पंधरा दिवसांत मंदावहिनींच्या घरमालकानं निरोप धाडला की जागेला चांगला भाव आला आहे, खोल्या रिकाम्या करा. त्यांची मुलगी अजून शिकते. पोस्टातले पैसे त्यांनी तिच्यासाठी बाजूला ठेवले आहेत, घराचं नाव काढू नका म्हणाल्या. म्हणून मागच्या रविवारी मी आणि मंदावहिनी भाड्याची खोली पाहत फिरत होतो. तिसरी खोली बरी होती. मालक नवीन होता, दोन वर्षांपूर्वी घर घेतलेला, आम्हाला ओळखत नव्हता. भाडं साडेसहा हजार म्हणाला. मी म्हणालो, परवापर्यंत इथं अशी खोली चार हजाराला मिळत होती.

"चार हजाराची खोली कोरडी असते," तो म्हणाला आणि आम्हाला मागं घेऊन गेला. मोटरच्या बटनाच्या पेटीशेजारी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं चार ओळी लिहिल्या होत्या. पाईप अकरा. खोली दोनशे वीस फूट. पाणी बारमाही. खाली, गजानन. "हे पाहा," मालक म्हणाला, "गजू मोटरवाल्यानं लिवलेलं हाय. गेला बिचारा. घर घेतलं तवा याच भिंतीचे म्या तीन लाख जास्त मोजले. आता मले बी तं ते कुठून काढाच लागन."

मी बोलायला तोंड उघडलं. मंदावहिनींनी हातानंच मला थांबवलं. त्या भिंतीजवळ गेल्या, अक्षरं वाचली, पुन्हा एकदा वरपासून वाचली. मग पदर सारखा करून मालकाला म्हणाल्या, "मंग पानी असन. सामान इतवारी आनू."