उंद्रीची मुलगी, वहीतली

"मले मोटार भेटली नाही सर. बैलाच्या बंडीत आली."

एवढंच बोलले मी. वर्गाच्या दारात उभी होते, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. इंग्रजीचे सर हसले. मग वर्ग हसला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी चिखलीला मावशीकडे राहून शिकत होते. रविवारी उंद्रीला घरी जायचं, सोमवारी परत यायचं. सर पुण्याचे. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं त्याहून शुभ्र. हसणाऱ्या पोरांतली निम्मी स्वतःच्या घरी 'मले'च म्हणत होती. पण सर हसले म्हणून तीही हसली.

सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. रिडिक्यूल. अर्थ, टर उडवणे, हसे करणे.

"तू आत्ता काय म्हणालीस? परत म्हण."

मी परत म्हटलं. का म्हटलं? सर म्हणाले म्हणून. वर्ग पुन्हा हसला, आता जोरात.

"पाहिलंत? याला रिडिक्यूल म्हणतात. आता वाक्यात उपयोग. घ्या लिहून. दि क्लास रिडिक्यूल्ड दि गर्ल फ्रॉम उंद्री."

चाळीस माना खाली गेल्या. चाळीस टाक चालू लागले. माझाही. सरांनी सांगितलेलं वाक्य परीक्षेत तसंच्या तसं लिहायचं, हा आमचा रिवाज. मी वळणदार अक्षरात लिहिलं. खाली रेघही मारली. माझी मलाच आजही चीड येते.

पुढच्या रविवारी घरी पाठांतर करत होते. बा जवळ बसला होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण मी इंग्रजी वाचू लागले की हातातलं काम सोडून ऐकायचा.

"उंद्री म्हनली ना तू? आपल्या गावाचं नाव हाय का त्यात?"

"हाव."

"विंग्रजीत?"

"हाव."

"काय लिवलं?"

"चांगलं लिवलं बा."

बाची छाती फुगली. मला घेऊन थेट पारावर गेला. चार म्हातारे बसले होते. "वाच वं माय, आपल्या गावाचं वाच." मी वाचलं. म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. एक जण म्हणाला, "पोरीनं गावाचं नाव काढलं." मला वाटलं, धरणी फाटावी अन् आत घ्यावं. वर्गात माझं एकटीचंच हसं झालं होतं. इथे मी माझ्या तोंडानं बापाला, गावाला त्यात ओढलं. पण सांगू कशी? बाचा चेहरा किती उजळला होता.

दिवाळीत पाहुणे आले. बा म्हणाला, "वही आन वं."

"नाही वाचत बा."

"काऊन?"

"त्यात चांगलं नाही. वर्ग मले हसला, थे लिवलं हाय त्यात."

मला वाटलं, बा सरांना शिवी घालेल. त्यानं मलाच विचारलं.

"तं तुनं काऊन लिवलं?"

बा उठून बैलांकडे गेला. त्यानंतर त्यानं मला कधी वाचायला सांगितलं नाही.

वार्षिक परीक्षेत तोच शब्द आला. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. मी अर्थ लिहिला. वाक्याची जागा कोरी ठेवली. तपासलेले पेपर वाटताना सरांनी मला उभं केलं.

"दिलेलं वाक्य साधं पाठ होत नाही?"

"पाठ हाय सर. पन मी थे लिवनार नाही."

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "सिट डाउन."

मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले. त्यानं काही बदललं नाही. इंग्रजीत मी दोन मार्कांनी नापास झाले आणि बानं शाळा सोडवली.

पण तेव्हापासून कोणीही 'लिहून घे' म्हटलं, 'सही कर' म्हटलं, की मी आधी विचारते, कोणाबद्दल आहे हे? आमच्याबद्दल असेल, तर आधी आम्हाला वाचून दाखवा. नाहीतर माझा हात चालणार नाही.