आबांनी उपटलेली पपई

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जोखीम घ्यायची की नाही हे मेंदू कसं ठरवतो, हा माझा आवडता धडा. वर्ग अगदी रंगून जातो. माझ्या वडिलांवर मात्र त्या धड्याचा काडीचाही परिणाम नाही.

आबांची शेती शहाद्याजवळ, तापीकाठी. तिथे पपईवर व्हायरस येतच असतो आणि आबा दरवर्षी पपईच लावतात. "औंदा साधी," म्हणजे यंदा जमून जाईल, एवढाच त्यांचा अभ्यास. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की हाच वाघ पलंगाखाली! एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसरा त्याच वाटेवर.

"माले नही करनं. जे दिखस ते बी गयं ते?"

आता हे तर माझ्या धड्यातलंच होतं. हातात थोडंफार शिल्लक आहे असं वाटतं तोवर मेंदू ते कवटाळून बसतो. ते हातचं चाललंय हे पटलं, की तोच मेंदू जुगार खेळायला तयार होतो. म्हणजे उरलेली नजरही चाललीय, हे आबांना फक्त पटायला हवं होतं. मी महिनाभर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर आबांनी मलाच ऐकवलं, "तू पोरेसले शिकाड."

एका रविवारी शेतात गेले, तर आबा झाडं उपटत होते. व्हायरस आला की पानं पिवळी पडतात. रोग पसरू नये म्हणून तेवढी झाडं काढून टाकतात. आबांनी अख्खी ओळ काढली होती. सालदार बांधावर मान खाली घालून उभा. मालकाला सांगणार कोण? मी एक पान उचललं. हिरवंगार! मोतीबिंदूमुळे आबांना सगळंच पिवळं दिसत होतं.

"आबा, हाई हिरवं शे."

त्यांनी पान बोटांनी चाचपलं. रोगट पान आकसतं, सुरकुततं. हे चांगलं सपाट होतं. ते तिथेच मातीत बसले.

"चाल," शेवटी म्हणाले, "डॉक्टरकडे."

माझा धडा खरा ठरला, पण शिकवला पपईनं. मी जरा खट्टूच झाले.

पट्टी सुटली त्या दिवशी आबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"तुन्हा केस कव्हय पिकनात वं?"

दोन वर्षं झाली होती पिकून. दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते, बडबडत होते, आणि त्यांना माझा चेहराच दिसत नाही हे मला कळलं नव्हतं. मी हसायला गेले आणि रडूच फुटलं.