करवलीचा मान

पहिलीच्या वर्गात क्रांती पहिल्या दिवसापासून भिंतीला डावा गाल टेकवून बसायची. त्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जन्माचाच जांभळा डाग होता. घरी मात्र धाकट्या बहिणीने, शिवांजलीने, तिला कधी तोंड वळवू दिले नाही.

शिवांजलीचे लग्न ठरले आणि क्रांतीला एकच आस लागली, करवली म्हणून नवरीमागे पाण्याचा करा घेऊन उभे राहायची. तिने हिरवी साडीही काढून ठेवली.

"करा आत्याची दीपाली धरंल," चुलती मनुबाई म्हणाली. "फोटू जन्मभर राहत्यात गं."

"आवं काकी, ताई असताना दीपाली कशी?" शिवांजली म्हणाली.

"तुला लय कळतंय. सोयरं काय म्हंतील?"

शेवटी क्रांतीच म्हणाली, "धरू दे तिला. मला पंगतीचं बघायचंय."

मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा ती मांडवाच्या खांबाआड उभी होती. शिवांजली सारखी मागे वळून बघत होती. क्रांतीला वाटले, आता हाक मारली तर धावत जाऊ. पण शेवटच्या अक्षता पडल्या.

क्रांती आता रहिमतपूरच्या अंगणवाडीत शिकवते. नात्यातल्या लग्नांना जाते, आहेर देते आणि अक्षतांआधीच एसटी धरते.